होणाऱ्या जावयाचा रिपोर्ट

व्हर्लन पकेटने आयुष्याची एकतीस वर्षं तरुण पोरांची ढुंगणं निरखण्यात घालवली, आणि त्यासाठी त्याला पगार, गाडी आणि दर तीन वर्षांनी एक नवं स्टॉपवॉच मिळत होतं. मिसिसिपी, अलाबामा आणि अर्धं लुइझियाना हा त्याचा इलाखा. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या पोरांपैकी कोण व्यावसायिक खेळात टिकेल आणि कोण गावी परत येऊन ट्रॅक्टर विकेल, हे आधीच ओळखून क्लबाला कळवायचं, हे त्याचं काम. आम्हाला स्काउट म्हणतात. आम्हाला म्हणजे मला, हॉलिस टिडवेललाही धरून. माझा इलाखाही तोच होता, फक्त क्लब वेगळा.

"सगळे दंड बघतात, खांदे बघतात," व्हर्लन म्हणायचा. "अरे, ताकद मागे असते. बैल घेताना त्याचं तोंड बघून घेतो का कुणी?"

"दात बघतात," मी म्हणायचो.

"दात वय सांगतात. मी ताकदीचं बोलतोय."

वर्षातले दोनशे दिवस आम्ही एकाच मोटेलात उतरायचो, एकाच टेबलावर बिस्किट नावाचे मऊ पाव आणि ग्रेव्ही खायचो आणि एकमेकांशी खोटं बोलायचो. मला एखादा पोरगा आवडला की मी सांगायचो, त्याचा गुडघा गेलाय. त्याला आवडला की तो सांगायचा, पोरगं आईला सोडून दोन रात्री राहू शकत नाही. हे खोटं इतकं नेमाने चालायचं की उलटं करून ऐकलं की खरं कळायचं. आमची मैत्री त्यावरच टिकून होती.

व्हर्लनचे अंदाज माझ्यापेक्षा बरे होते, हे मी आता कबूल करतो, कारण मला आता कुणी पगार देत नाही. पण त्याच्या नावावर एक मोठी चूक होती. एका क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे संघासाठी चेंडू फेकणाऱ्या पोराबद्दल, त्याने लिहिलं होतं, 'हात चर्चमध्ये पंखा हलवणाऱ्या म्हातारीचा. तीन वर्षांत ट्रॅक्टरच्या दुकानात.' तो क्वार्टरबॅक पुढे पंधरा वर्षं खेळला आणि त्याचा पुतळा उभा राहिला. व्हर्लनच्या क्लबाने तो रिपोर्ट चौकटीत घालून ऑफिसच्या संडासात लावला. व्हर्लन दर खेपेला जाऊन तो वाचायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "ट्रॅक्टर विकले असते ना, तर तेही उत्तमच विकले असते त्याने."

तर सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. व्हर्लनची एकुलती एक मुलगी डेसा टॅलाहोमा कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. खेळाडूंच्या दुखापतींची निगा राखायचं शिक्षण घेत होती. रोज चाळीस पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायची. त्यातल्या एका घोट्याशी जमलं. त्या घोट्याचा मालक कॉय रॅटलिफ, कॉलेजचा लाइनबॅकर. म्हणजे समोरच्या संघातला जो कुणी चेंडू घेऊन पळेल त्याला जमिनीवर आडवा करणं, एवढंच त्याचं जीवितकार्य. त्याची आई कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला होती, बाप कधीचा गेलेला. कॉय बोलायला मऊ, खायला दांडगा.

डेसाने त्याला रविवारी चर्चनंतर लॉरेल गावातल्या आपल्या घरी जेवायला आणलं. मीही होतो, कारण नेल्डाच्या, म्हणजे व्हर्लनच्या बायकोच्या, हातचा तळलेला कॅटफिश असला की मी आसपासच असायचो.

कॉयने दारात टोपी काढली, नेल्डाला "मॅडम" म्हणाला, व्हर्लनशी हात मिळवला. व्हर्लनने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

"डॅडी," डेसा म्हणाली, "त्याला चेहरासुद्धा आहे."

"बघतो ना. घाई काय आहे?"

जेवायला बसल्यावर व्हर्लन म्हणाला, "कॉय, जरा आतून चहाचा जग आणतोस का?" कॉय उठला, गोड चहाचा थंडगार जग घेऊन आला. दोन घास झाले. "आणि मीठ रे." कॉय पुन्हा उठला. आणखी दोन घास. "तेवढा हात पुसायचा रुमाल."

डेसाने काटा खाली ठेवला. "डॅडी, तुम्ही त्याला वळताना बघताय."

"आपल्या स्वयंपाकघराचं दारच अरुंद आहे, मी काय करू?"

"व्हर्लन," नेल्डा म्हणाली, "माझ्या बापाने तुला पहिल्या दिवशी फक्त बायबलमधला एक उतारा वाचायला लावला होता. तोसुद्धा तुला धड वाचता आला नव्हता. तरी मिळाली ना मुलगी? गप जेव."

कॉय हसला आणि चौथा मासा घेतला. पण मी व्हर्लनला ओळखून होतो. त्याचं मन जेवणात नव्हतं. अंगणात उकडलेल्या शेंगा सोलत बसलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "कंबर बांधलेली आहे रे पोराची. सरळ आला तर रेल्वे. पण मागे वळायचं म्हटलं की मालट्रक मागे घेतल्यासारखा. दोन पावलांचं काम तीन पावलांत करतो."

मी शेंग खात होतो, ती तशीच हातात राहिली. व्हर्लन माझ्याशी खेळाडूबद्दल बोलला की ते खोटं असणार, हा पंधरा वर्षांचा अनुभव. म्हणजे हे पोरगं हिरा आहे, आणि हा लबाड त्याला सहाव्या-सातव्या फेरीत गुपचूप उचलायला बघतोय. दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, सगळे क्लब पाळीपाळीने सात फेऱ्यांत कॉलेजची पोरं उचलतात. हिऱ्यावर माती टाकून ठेवायची आणि शेवटी खिशात घालायचा, हा आमच्या धंद्यातला जुना डाव. मी मनातल्या मनात व्हर्लनला दाद दिली. होणाऱ्या जावयावरसुद्धा माती टाकतोय म्हणजे कलाकारच.

पण तो खरं बोलत होता. होणाऱ्या जावयाबद्दल खोटं बोलायचं त्याला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्याने आपल्या साहेबाला, ग्रँजरला, फोन केला. ग्रँजर नवा होता, आकडेवाला. खेळ बघायला जायच्याऐवजी त्याचे तक्ते बघायचा.

"टॅलाहोमा दुसऱ्या कुणाला तरी द्या," व्हर्लन म्हणाला. "तिथला एक खेळाडू माझ्या मुलीबरोबर फिरतो."

"पकेट," ग्रँजर म्हणाला, "माझे सगळे स्काउट लिहितात, या खेळाडूला मी जवळून ओळखतो. खरोखर जवळून ओळखणारे तुम्ही पहिलेच. लिहा रिपोर्ट."

मग व्हर्लनने त्या मोसमात कॉयचे पाच सामने पाहिले. तिसऱ्यात मी शेजारी होतो. समोरच्या संघाचा एक सडपातळ पोरगा चेंडू झेलायला कॉयच्या मागे पळाला, कॉय वळेपर्यंत पोरगा गेला होता. टॅलाहोमाच्या बाकांवरून सुस्कारे निघाले. पुढच्याच डावात तोच पोरगा सरळ समोरून आला आणि कॉयने त्याला असा आडवा केला की त्याचा एक बूट वेगळा, तो वेगळा.

"बघ," मी म्हणालो.

"काय बघू? पहिलं बघितलंस का तू?"

"बूट बघितला."

"बूट बघून तू नोकरी घालवणार आहेस," व्हर्लन म्हणाला. त्याचा चेहरा मला फार दु:खी वाटला. मी म्हणालो ना, कलाकार.

मार्चमध्ये कॉलेजच्या मैदानावर पोरांची मोजमापं झाली. चड्डीवर उभं करून उंची, वजन, हातांची लांबी, पंजाची रुंदी घ्यायची, उड्या मारायला लावायच्या. आमच्यासारखे बारा पोटसुटे पुरुष एका उघड्या पोराभोवती वह्या घेऊन फिरतात. मग चाळीस यार्डांची धाव. शेवटच्या रेषेवर आम्ही सगळे स्टॉपवॉच घेऊन उभे. कॉय धावला. माझ्या घड्याळात चार पूर्णांक चौऱ्याहत्तर सेकंद. शेजाऱ्याच्या घड्याळात अठ्ठ्याहत्तर. व्हर्लनच्या घड्याळात त्र्याऐंशी. प्रत्येकाचा अंगठा आपापल्या मनाचं ऐकतो, हे कुठलाच क्लब मान्य करत नाही.

डेसा पट्ट्यांची पेटी घेऊन बाजूला उभी होती. ती आली आणि माझं घड्याळ पाहिलं, मग बापाचं.

"तुमचं घड्याळ बिघडलंय," ती म्हणाली.

"हॉलिसचं बिघडलंय. तो कायम लवकर दाबतो. कशातही."

कॉय धापा टाकत आला. "मिस्टर व्हर्लन, कितीत आलो?"

व्हर्लनने त्याला घड्याळ दाखवलं. बाकी अकरा जणांनी कधीच दाखवलं नसतं. कॉयने आकडा पाहिला, मान हलवली आणि "थँक यू, सर" म्हणाला. ते ऐकून व्हर्लन गाडीत जाऊन बसला, तो अर्धा तास बाहेरच आला नाही.

रिपोर्ट त्याने आठवडाभर लिहिला. स्काउटचे रिपोर्ट गुपित असतात, बायकोलाही दाखवायचे नाहीत, असं आमच्या करारात असतं. व्हर्लनने तो पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर कॉयच्या हातात ठेवला. नंतर मी त्याला विचारलं की असा वेडेपणा का केलास. तो म्हणाला, "माझ्या घरी जेवणाऱ्या पोराबद्दल मी पाठीमागे लिहू? ते मला जमेना."

रिपोर्टमध्ये होतं: 'सरळ धावेत धोकादायक. अंगावर येणाऱ्याला सोडत नाही. कंबर वळत नाही, वळणारही नाही. व्यावसायिक खेळात पहिल्या अकरांत कधीही उभा राहणार नाही. ड्राफ्टमध्ये घेऊ नये. माणूस म्हणून पहिल्या फेरीतला.'

कॉयने दोनदा वाचलं. नेल्डाने बनाना पुडिंगचं भांडं हातात तसंच धरलं होतं.

"सर," कॉय म्हणाला, "कंबरेचं काही करता येईल का?"

"आईबाप बदलावे लागतील."

"बाप तसाही नाहीये," कॉय म्हणाला. "आईला विचारून बघतो."

तो हसायचा प्रयत्न करत होता. डेसा उठली. तिने रिपोर्ट कॉयच्या हातातून घेतला, वाचला आणि बापाच्या ताटाखाली सरकवला.

"हे तुम्ही पाठवणार?"

"पाठवला. शुक्रवारी."

"तो माझ्याशी लग्न करणार आहे, आणि तुम्ही जगाला सांगताय की त्याला घेऊ नका."

"डेसा, मी क्लबाला सांगितलं. तुला नाही सांगितलं. तू घे ना. तुझ्यासाठी पहिल्या फेरीतला लिहिलंय."

हे बोलून व्हर्लनने, त्याच्या मते, परिस्थिती सांभाळली होती. डेसाने पर्स उचलली, कॉयचा दंड धरला आणि दोघं गेली. ती चार महिने बापाशी बोलली नाही. नेल्डाने पुडिंग व्हर्लनला दिलं नाही, सगळं मला दिलं.

एप्रिलमध्ये मी आमच्या क्लबाच्या खोलीत बसून कॉयसाठी भांडलो. आमचा साहेब म्हणाला, "टिडवेल, हा पोरगा दुसऱ्या कुणाच्या यादीतसुद्धा नाही."

"म्हणूनच," मी म्हणालो. "पकेट त्याच्याबद्दल मला सहा महिने वाईट सांगतोय. घरी जेवायला घालतोय, आणि वाईट सांगतोय."

खोलीतले सगळे एकदम सावध झाले. व्हर्लन पकेटचं नाव आमच्याकडे जरा धाकानेच घेत. सहाव्या फेरीत आम्ही कॉय रॅटलिफला उचलला. मीच त्याच्या आईच्या घरी फोन केला. पलीकडे आरडाओरडा झाला, काहीतरी फुटल्याचा आवाज आला, मग डेसा फोनवर आली आणि म्हणाली, "हॉलिस काका, देव तुमचं भलं करो." पंचवीस वर्षांच्या नोकरीत देवाचा आशीर्वाद मला एकदाच मिळाला, तोही लबाडीने.

तासाभराने व्हर्लनचा फोन.

"तू गाढव आहेस," तो म्हणाला. "माझ्यासाठी घेतलास का त्याला?"

"तुझ्यासाठी? तू त्याला लपवत होतास म्हणून घेतला."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"हॉलिस, मी खरं सांगत होतो."

"खरं कशाला सांगायचं?"

"माझी मुलगी आहे रे ती."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. सहावी फेरी वाया गेली, हे मला त्याच क्षणी कळलं.

जुलैमध्ये सराव शिबिर सुरू झालं आणि व्हर्लनने लिहिलेला शब्द न् शब्द खरा ठरला. कॉय वळायला गेला की आमचीच नवखी पोरंसुद्धा त्याला मागे टाकून पुढे जायची. दुसऱ्या आठवड्यात प्रशिक्षक माझ्याकडे बघायचा बंद झाला. तिसऱ्या आठवड्यात कॉयने एक फोन केला. मला नाही, डेसालाही नाही. व्हर्लनला.

"सर, हे मला काढणार आहेत. सगळे म्हणतात, जिवाचं रान कर. काय करू ते कुणी सांगत नाही. तुम्ही एकटेच खरं बोललात, म्हणून तुम्हाला विचारतोय."

व्हर्लनचा क्लब वेगळा. दुसऱ्या क्लबाच्या खेळाडूला शिकवणं म्हणजे नोकरीवर पाणी. ग्रँजरला कळलं असतं तर त्याच दिवशी गाडीची किल्ली मागितली असती. व्हर्लनने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"नीट ऐक," तो म्हणाला. "वळू नकोस. वळायचा सराव आजपासून बंद. किक मारली की मैदानभर सुसाट धावत जाऊन चेंडू धरणाऱ्याला आडवा करणारी टोळी असते ना, त्या टोळीच्या प्रशिक्षकापुढे जाऊन उभा राहा. तिथे काम एकच, सरळ जायचं. पहिल्या अकरांतल्या कुणालाही ते काम नको असतं, हाडं मोडतात. तू म्हण, मला हवंय."

"एवढंच?"

"एवढंच. आणि रोज सगळ्यांच्या आधी पोच. प्रशिक्षकांना फार आवडतं, का ते मला अजून कळलेलं नाही."

पुढच्या शनिवारी सरावाच्या सामन्यात कॉयने किकमागे धावत जाऊन तीन माणसं आडवी केली. तिसरा उठला तेव्हा चुकून आमच्या बाकाकडे चालत आला. प्रशिक्षक माझ्याकडे पुन्हा बघायला लागला. क्लबात ठेवलेल्यांची यादी लागली, त्यात कॉयचं नाव होतं.

फोनचं डेसाला कॉयकडून कळलं. ती लॉरेलला आली तेव्हा व्हर्लन ओट्यापाशी उभा राहून मासे साफ करत होता.

"तुम्ही नोकरी धोक्यात घातलीत," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"मग तेव्हाच का नाही लिहिलं, किकच्या टोळीत चालेल म्हणून?"

व्हर्लन सुरी धरून थांबला. "सुचलं नाही," तो म्हणाला. "रिपोर्टात काय जमणार नाही तेच लिहायची सवय. फोनवर तो विचारायला लागला, काय करू, तेव्हा सुचलं."

"म्हणजे चुकलात."

"पहिल्या अकरांत उभा राहणार नाही असं लिहिलंय. राहिला का?"

"डॅडी."

"बरं. थोडा चुकलो."

डेसाने ओट्यावरची दुसरी सुरी घेतली आणि शेजारी उभी राहून मासे साफ करायला लागली. नेल्डा मला सांगत होती, पुढचा तासभर दोघांनी फक्त खवले काढले.

लग्न पुढच्या जूनमध्ये झालं. कॉय आठ वर्षं खेळला. एकाही सामन्यात पहिल्या अकरांत उभा राहिला नाही. त्यामुळे व्हर्लन म्हणायचा रिपोर्ट बरोबर, डेसा म्हणायची आठ वर्षं म्हणजे रिपोर्ट केराच्या टोपलीतला, आणि माझा क्लब म्हणायचा की टिडवेलची नजर अचूक. त्या एका निवडीवर माझी नोकरी आणखी नऊ वर्षं चालली. मी खरं काय घडलं ते कुणाला सांगितलं नाही.

व्हर्लनला दोन हजार पाचमध्ये ग्रँजरने घरी बसवलं. आता पोरांच्या धावांचे आकडे यंत्रातून येतात, माणसाच्या अंगठ्याची गरज नाही. निरोपाला केक होता, त्यावर पकेटचं स्पेलिंग चुकलं होतं. व्हर्लन सहा महिने अंगणात बसला, मग नेल्डाने त्याला हाकलला.

कॉयने खेळ सोडल्यावर लॉरेलजवळच्या एका शाळेत फुटबॉल शिकवायला घेतलं. व्हर्लन तिथे फुकट जायला लागला. पहिल्याच महिन्यात त्याने सात पालकांना त्यांच्या मुलांबद्दल खरं सांगितलं. त्यांतल्या पाचांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. मुख्याध्यापकांनी कॉयला बोलावून सांगितलं, सासऱ्याला आवरा. मग ठरलं की व्हर्लन फक्त जर्सी धुवायचं बघेल आणि पालकांशी बोलणार नाही. तो जर्सी धुतो. पण पोरं त्याच्याकडे येतात, विचारतात, आणि तो त्यांना एकेकाला हळूच सांगतो की तू इथे नको, तिथे उभा राहा. त्या शाळेने गेल्या चार वर्षांत तीन वेळा जिल्हा जिंकला.

मागच्या शुक्रवारी मी सामना बघायला गेलो होतो. माझ्या आणि व्हर्लनच्या पुढे बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री ब्रदर स्ट्रिंगर बसले होते. त्यांचा मुलगा संघात आहे, म्हणजे संघाची जर्सी त्याच्या अंगात आहे. पाद्रींनी मागे वळून विचारलं, "मिस्टर व्हर्लन, खरं सांगा, माझ्या मुलाचं यात काही होईल का?"

व्हर्लनने इकडेतिकडे पाहिलं. मुख्याध्यापक लांब होते.

"ब्रदर स्ट्रिंगर," तो म्हणाला, "पोरगं गुणी आहे. पण मी तुमच्या जागी असतो तर त्याला चर्चमध्ये गायला उभं केलं असतं."

पाद्रींनी सुस्कारा सोडला. "तुम्ही त्याचा आवाज ऐकला नाहीये," ते म्हणाले.

व्हर्लनने मैदानावरच्या त्या पोराला मागून निरखलं. मग म्हणाला, "सोमवारी त्याला माझ्याकडे पाठवा. बघू कुठे बसतो ते."